शेक संपल्यावरचे दात

मुंबईत किंवा कोल्हापुरात तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरवरचा शेक, म्हणजे किरणोपचार, पुरा करून पेशंट गावी परततो, तेव्हा घरातल्या कुणाच्याच डोक्यात दात नसतात, आणि ते साहजिक आहे. सहा-सात आठवडे परक्या गावात काढलेले असतात, वजन उतरलेलं असतं, घसा सोललेला असतो, वाटीभर पेज पोटात गेली तरी दिवस चांगला गेला असं वाटतं. दातांची गोष्ट तीन-चार महिन्यांनी समोर येते. खालचे पुढचे दात, जे एरवी सगळ्यांत शेवटी किडतात, त्यांच्यावर हिरडीलगत तपकिरी पट्टा दिसू लागतो. दाढांची टोकं मऊ पडतात, सुळ्यांची धार झिजते. दुखत काहीच नाही. मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोडताना अख्खा दात मुळाशी मोडून हातात येतो. पेशंट म्हणतो, ‘कालपर्यंत चांगला होता.’ तो काल चांगला नव्हता, फक्त दुखत नव्हता.

तोंडाच्या, जिभेच्या, घशाच्या कॅन्सरवर किरणोपचार घेतलेले पेशंट आम्ही दातांच्या बाजूने सांभाळतो. त्यातून झालेलं आमचं मत सरळ आहे: हे दात वाचतात की जातात, ते हॉस्पिटलात ठरत नाही. घरी परतल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत, आणि त्यातही रात्रीच्या शेवटच्या घासापासून झोपेपर्यंतच्या वेळात ठरतं.

किरणांनी दात जळतात असा समज आहे. दातावर थोडाफार परिणाम होतो, पण मुख्य नुकसान लाळेचं. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती अन्न धुऊन काढते, आम्ल मारते, दातातून निघालेलं कॅल्शियम परत दातात भरते. डोक्या-मानेच्या कॅन्सरला साधारण ६० ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसाचं एकक) डोस ३० ते ३५ शेकांत विभागून, आठवड्याचे पाच दिवस देतात. कानापुढची लाळग्रंथी याच्या निम्म्याहून कमी डोसाला नमते. सरासरी २५-२६ ग्रेच्या वर डोस गेला की ती पुरती सावरत नाही. पहिल्याच आठवड्यात लाळ घटते आणि उरते ती चिकट, तारेसारखी ओढली जाणारी. आताच्या यंत्रांनी एका बाजूची ग्रंथी वाचवता आली तर वर्ष-दोन वर्षांत थोडी लाळ परत येते, पूर्वीसारखी नाही. लाळ नाही म्हटल्यावर तोंडातलं आम्ल मारायला कोणी उरत नाही. पीएच म्हणजे आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं, आणि मुळाचा भाग त्याआधीच, ६.२ ते ६.७ च्या आसपास. कीड हिरडीलगत का सुरू होते, त्याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे.

क्लिनिकमध्ये लाळ मोजायला महाग यंत्र लागत नाही. पेशंटला पाच मिनिटं तोंड न हलवता बसवायचं, साठेल ती लाळ मापाच्या कपात थुंकायला सांगायची. पाच मिनिटांत अर्धा मिलिलिटरसुद्धा भरली नाही, तर त्या पेशंटला खाली लिहिलेलं सगळं लागू, एकही गोष्ट न वगळता.

काम खरं तर शेक सुरू होण्याआधी लागतं. ओपीजी, म्हणजे सगळ्या दात-जबड्यांचा एकत्र एक्स-रे, हिरड्यांची तपासणी, साफसफाई. जे दात टिकणार नाहीत, विशेषतः ज्या भागावर जास्त डोस पडणार तिथल्या खालच्या दाढा, ते आधीच काढायचे आणि जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायचे, तीन मिळाले तर उत्तम. इथे घाई दोन्हीकडून असते. शेक लांबवता येत नाही आणि गावचा पेशंट ‘दाताचं नंतर बघू’ म्हणतो. नंतर बघता येत नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्याच भेटीत ट्रेसाठी माप घ्यावं, कारण शेकात तोंड सोलवटल्यावर मापाचा चमचा तोंडात घालू देण्याची कुणाची तयारी नसते.

ट्रे म्हणजे त्याच माणसाच्या दातांच्या मापाचा मऊ पारदर्शक साचा, वरचा एक, खालचा एक. त्यात फ्लोराइडचं जेल घालून तो रोज रात्री दातांवर बसवायचा असतो. अल्जिनेटने, म्हणजे मापाच्या मऊ लगद्याने माप घेतात, पंधरा मिनिटांच्या आत त्यात डेंटल स्टोन, म्हणजे घट्ट होणारं प्लास्टर ओततात. उशीर केला की माप आक्रसतं आणि ट्रे मागच्या दाढेवर बसत नाही. घट्ट झालेल्या साच्यावर दीड-दोन मिलिमीटर जाडीचं मऊ शीट तापवून व्हॅक्यूमने ओढून घेतात. हे यंत्र प्रत्येक तालुक्यात नसतं, तेव्हा साचा लॅबला पाठवावा लागतो आणि यायला-जायला आठवडा धरावा. ट्रेची कड हिरडीच्या रेषेपलीकडे दोन-तीन मिलिमीटर जायला हवी, म्हणजे दाताची मान पूर्ण झाकली जाते. नेमकी तीच जागा वाचवायची असते. दात गोरे करायच्या ट्रेची कड हिरडीवर कापतात, तसा कापलेला ट्रे इथे उपयोगाचा नाही. कड बोटाला टोचली तर हिरडीलाही टोचणार. कोरड्या तोंडात एवढ्याशा ओरखड्याची जखम महिनाभर भरत नाही, म्हणून आम्ही कड घासून आणि ज्योतीवर फिरवून गुळगुळीत करतो.

जेल कोणतं, यात सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. हवं असतं ते न्यूट्रल सोडियम फ्लोराइड १.१ टक्के, म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग) फ्लोराइड. डेंटल दुकानांत सहज मिळतं ते ॲसिड्युलेटेड फॉस्फेट फ्लोराइड, १.२३ टक्के, मुलांच्या दातांना वर्षातून एक-दोनदा लावायचं. त्यात फ्लोराइड १२,३०० पीपीएम, पण पीएच तीन-साडेतीन. कोरड्या, नाजूक तोंडात ते रोज लावलं की आग होते, ग्लास आयोनोमरची भरणी आणि पोर्सिलीनच्या कॅपा खरखरीत होतात, आणि आठ दिवसांत पेशंट सगळंच सोडून देतो. चिठ्ठीवर ‘फ्लोराइड जेल’ एवढंच लिहिलं तर मेडिकलवाला त्याच्याकडे असेल ते देणार. चिठ्ठीवर ‘न्यूट्रल’ शब्द असलाच पाहिजे. गावात मिळत नाही हे गृहीत धरून फॉलो-अपला शहरात गेल्यावर तीन महिन्यांचं एकदम आणावं, एक्स्पायरी पाहून. जेल काचेच्या बाटलीत ओतून ठेवू नये, प्लास्टिकच्याच डब्यात राहू द्यावं.

रात्रीचा क्रम असा. शेवटचं जेवण, शेवटचं औषध, शेवटचा घोट दूध, सगळं आटोपून घ्यायचं. मऊ ब्रशने दात घासायचे, फटींतून धागा किंवा छोटा ब्रश फिरवायचा. तोंडातलं पाणी थुंकून ट्रे कोरडा आहे ना ते पाहायचं. प्रत्येक दाताच्या खळग्यात जेलचा एकेक थेंब, एवढंच. ट्रे काठोकाठ भरला की जेल घशाकडे वाहतं, उमासे येतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रे नकोसा होतो. दोन्ही ट्रे बसवायचे, पाच ते दहा मिनिटं तोंड पुढे झुकवून बसायचं, साठेल ते थुंकत राहायचं. ट्रे काढल्यावर उरलेलं थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. पुढे किमान अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही, म्हणूनच हे काम झोपायच्या वेळी. आम्ही मागे लागतो ते या ‘चूळ भरायची नाही’साठी. आपल्याकडे तोंडात काही लावलं की खळखळून चूळ भरायची हातालाच सवय असते, आणि दहा मिनिटांची मेहनत मोरीत जाते.

ट्रे गार पाण्यात धुऊन, पुसून, भोकं असलेल्या डबीत ठेवायचा. गरम पाण्याने किंवा पडवीतल्या उन्हाने त्याचा आकार जातो. आपल्या पावसाळ्यात बंद डबीत ओला ठेवलेला ट्रे चार दिवसांत बुरसतो. शक्य तर पंख्याखाली सुकवून मगच डबीत. जेल मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नये. एका ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, आणि वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेलं की तो विषबाधेचा धोका धरतात. म्हणजे दहा किलोच्या पोरासाठी दहा ग्रॅम जेल.

ज्यांचं तोंडच उघडत नाही, त्यांचं काय? गुटखा-सुपारीने आधीच आखडलेलं तोंड, त्यावर ऑपरेशन, त्यावर शेक. वरच्या-खालच्या दातांत ३५ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर राहिलं की ते आखडलेलं समजतात, आणि २० च्या खाली ट्रे आत जाता जात नाही. अशांना ५००० पीपीएमची टूथपेस्ट किंवा तेच जेल ब्रशवर घेऊन दिवसातून दोनदा, दोन मिनिटं, चूळ न भरता. डबीत पडून राहिलेल्या ट्रेपेक्षा रोज फिरणारा ब्रश केव्हाही बरा. सोबत तोंड उघडायचे व्यायाम. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतक्याच, आणि हळूहळू एकेक वाढवायची. हे शेक सुरू असतानाच करायचं. सहा महिन्यांनी सुरू केलं तर स्नायू दोरखंडासारखे झालेले असतात.

साध्या टूथपेस्टबद्दल थोडंसं. भारतात दुकानात मिळणाऱ्या पेस्टला १००० पीपीएमची कमाल मर्यादा आहे, आणि अनेक ‘हर्बल’ पेस्टींत फ्लोराइड मुळीच नसतं. कोरड्या तोंडाला पुदिन्याची पेस्ट झोंबते म्हणून काही जण मुलांची पेस्ट आणतात. तिच्यात फ्लोराइड बरेचदा निम्मंच असतं, ट्यूबवरचा आकडा वाचावा. राखुंडी, लाल मंजन, मीठ-कोळसा हे सगळं बंद, कारण मऊ पडलेल्या दाताला ते कानशीसारखं घासतं. मशेरीबद्दल तर वेगळं सांगायलाच नको. तरी सांगावं लागतं, कारण कॅन्सर झालेल्या कित्येक बायकांचं मशेरीचं बोट सुटत नाही आणि विचारल्याशिवाय त्या बोलत नाहीत.

शेकाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलतं तेव्हा ट्रे लावणं जमणार नाही, हे मान्य करावं. तेव्हा अति-मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवून, तोही सोसला नाही तर ओल्या गॉजने दात पुसायचे. नाकातून नळी असली तरी हे चुकवायचं नाही, नळीने जेवण पोटात जातं पण दातांवरचा थर तसाच साठतो. सोबत मीठ-सोड्याच्या गुळण्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. दर दोन-तीन तासांनी गुळणी करून थुंकायची, रोज नवं पाणी. घरात शोधाशोध करताना पापडखार, धुण्याचा सोडा किंवा फसफसणारी पित्ताची पावडर हाताला लागते. पहिली दोन तोंड भाजतात, तिसरीत सायट्रिक ॲसिड असतं. तिन्ही वर्ज्य. तोंड भरून आलं की ट्रे पुन्हा सुरू, आणि इथेच बहुतेकांची साखळी तुटते. शेक संपलेला असतो, पुढची तारीख लांब असते, ट्रे बॅगेच्या तळाशी असतो.

आता खाणं. कोकणातल्या माणसाला हा भाग सर्वांत जड जातो, आणि आम्हालाही सांगायला जड जातो.

आहारतज्ज्ञ म्हणतात वजन वाढवा, पेजेत गूळ-साखर घाला, पावडरी प्या. आम्ही म्हणतो साखर कमी करा. दोन्ही बाजू बरोबर आहेत आणि पेशंट मधे सापडतो. मार्ग असा की उष्मांक साखरेतून न घेता तुपातून, नारळाच्या दुधातून, अंड्यातून, काजूच्या वाटणातून आणि माशातून घ्यायचे. तिरफळ आणि मिरची वगळून केलेली नारळाच्या दुधातली माशाची कढी ओली असते, गिळायला सोपी असते, दातांना निरुपद्रवी असते. काटे मात्र दुसऱ्याने काढून द्यावेत, कोरड्या तोंडाला काटा कळत नाही. पावडरीचं दूध लागतच असेल तर दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं आणि लगेच पाण्याने तोंड धुवायचं. तोच पेला उशाशी ठेवून दोन तास घोटघोट घेतला तर दात दोन तास साखरेत भिजत राहतात.

कारण किती साखर यापेक्षा किती वेळा साखर, हे जास्त महत्त्वाचं. लाळ असलेल्या तोंडात गोड खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आम्ल निवळतं. कोरड्या तोंडात ते बराच वेळ तसंच राहतं. दिवसाला सहा-सात गोड चहा आणि प्रत्येक चहात बुडवलेलं बिस्कीट, म्हणजे दिवसभर दात आम्लातच. चहा दोन वेळा, जेवणाला लागून, जमला तर बिनसाखरेचा. बिस्किटाचा लगदा हिरडीलगत बसतो तो जिभेने निघत नाही, पोह्याच्या पापडाचाही तसाच.

तोंड कोरडं पडलं की हात आंबटाकडे जातो, कारण आंबटाने जराशी लाळ सुटते. कोकम सरबत, आवळा सुपारी, लिंबाच्या गोळ्या. सरबतात साखर आणि आम्ल दोन्ही, गोळी तर तासभर चघळली जाते. दात घालवायचा याहून जवळचा रस्ता आम्हाला माहीत नाही. सोलकढी साखरेवाचून असते, तरी त्यातलं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, आम्लच. जेवणासोबत अर्धी वाटी, वर पाण्याची चूळ, एवढी चालेल. शहाळं एका बैठकीत पिऊन टाकावं. आंबा बंद करा असं सांगून कोणी ऐकणार नाही, म्हणून आम्ही सांगत नाही. फोड जेवणात खा, नंतर चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा, आम्लाने मऊ झालेल्या दातावर लगेच ब्रश नको. आंबापोळी-फणसपोळीला मात्र नाही म्हणतो, ती दातांच्या मानेला चिकटून रात्रभर राहते. गणपतीतले मोदक पानात खाल्ले तर चालतील, येता-जाता नको.

कोरडेपणावर दिवसभर साध्या पाण्याचे छोटे घोट, रात्री उशाशी पाणीच, दुसरं काही नाही. झायलिटॉल असलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम चावता येत असेल तर उपयोगी. लाळ सुटायला पायलोकार्पिनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा देतात. थोडीफार ग्रंथी शिल्लक असेल तरच ती चालते, दमा आणि काही प्रकारच्या काचबिंदूत देत नाहीत, आणि घाम फार आणते, मे महिन्यात कोकणात ती घेणं सोपं नाही. खोकल्याची सिरपं आणि चघळायच्या गोळ्या साखरेच्या असतात, बिनसाखरेच्या मागून घ्याव्यात. जिभेवर पांढरे चट्टे किंवा नुसतीच लाल आग म्हणजे बहुधा बुरशी. तिचं औषध वेळीच झालं नाही तर पेशंट ब्रशही सोडतो.

पहिले तीन महिने दर महिन्याला दाखवावं, नंतर आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. दर भेटीत ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावतो, कोरड्या दातावर, पाच मिनिटांचं काम. पहिला मऊ डाग सापडला की लगेच भरायचा. ग्लास आयोनोमर भरलं तर ते फ्लोराइड सोडतं आणि कडेला कीड होऊ देत नाही, पण कोरड्या तोंडात स्वतः झिजतं. कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाची भरणी, टिकतं, पण त्याच्या कडेला नवी कीड धरते. जो रोज ट्रे लावतो त्याला आम्ही कॉम्पोझिट देतो, जो लावत नाही त्याला आयोनोमर, आणि ते झिजणार हे आधीच सांगतो. खूप दात एकदम किडीने धरले असतील तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. डाग काळा कुळकुळीत होतो, कीड थांबते. पुढच्या दातांना लावण्याआधी काळेपणाचं सांगून संमती घ्यावी.

आणि दात काढणं. शेक लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. खालच्या जबड्यात ५०-६० ग्रेच्या वर डोस पडलेल्या जागी दाढ काढली तर जखम न भरता हाड उघडं पडून मरू शकतं, आणि हा धोका दहा वर्षांनीही जात नाही. म्हणून मोडलेला दातही शक्यतो काढत नाहीत. रूट कॅनाल करून, वरचा भाग हिरडीबरोबर कापून, मूळ आत तसंच ठेवतात. काढावाच लागला तर ज्या केंद्रात शेक झाला तिथल्या डॉक्टरांना विचारून. अडचण अशी होते की पाच वर्षांनी दाढ ठणकली की पेशंट बाजारपेठेतल्या जवळच्या दवाखान्यात जातो, शेक झाल्याचं त्याच्या लेखी जुनं झालेलं असतं, आणि दहा मिनिटांत दाढ बाहेर येते. दातांच्या डॉक्टरांनी मानेवरचा जुना व्रण आणि दाढीचे केस न उगवणारा चट्टा पाहून विचारायलाच हवं. पेशंटने डिस्चार्ज कागदाची झेरॉक्स जवळ ठेवावी, आणि तिच्यावर एकूण डोस किती, कोणत्या बाजूला, आणि शेवटचा शेक कोणत्या तारखेला, हे लिहिलेलं आहे ना ते पाहून घ्यावं. नसेल तर पुढच्या फॉलो-अपला फाइल नंबर देऊन रेडिओथेरपी विभागातून ते लिहून आणावं.